वाकड्या पावलाचं प्लॅस्टर सहा आठवड्यांचं, बूट चार वर्षांचे

क्लबफूटचा, म्हणजे जन्मतः आत वळलेल्या वाकड्या पावलाचा, उपचार फसतो तो बहुतेक वेळा घरी फसतो. प्लॅस्टरं व्यवस्थित होतात, पाऊल सरळ दिसायला लागतं, नातेवाईक पेढे मागतात आणि मग प्लॅस्टरनंतर रोज घालायचे दांडीचे बूट हळूहळू मागे पडतात. आज ताप होता, उद्या लग्नाला जायचंय, परवा बाळ फार रडलं. वर्ष-दीड वर्षानं पाऊल पुन्हा आत वळलेलं दिसतं आणि आईवडिलांना वाटतं, डॉक्टरांनी नीट केलं नव्हतं. म्हणून या लेखात प्लॅस्टरबद्दल लागेल तेवढं लिहिलं आहे, पण जास्त जागा बुटांना दिली आहे.

आधी आजाराबद्दल. साधारण हजार बाळांमागे एकाला हा दोष जन्मतः असतो. मुलग्यांमध्ये तो मुलींच्या जवळपास दुप्पट आढळतो आणि निम्म्या बाळांची दोन्ही पावलं वाकडी असतात. बघणाऱ्याला एकच वाकडेपण दिसतं, पण त्यात चार दोष एकात एक गुंतलेले असतात. तळव्याची कमान जास्त खोल असते, पावलाचा पुढचा भाग आत वळलेला असतो, टाच आतल्या बाजूला कललेली असते आणि टाचेमागची कंडरा, म्हणजे अकिलीस टेंडन, आखूड असल्यामुळे टाच वर ओढली गेलेली असते. पोटरी बारीक असते. पावलाच्या आतल्या आणि मागच्या बाजूचे अस्थिबंध जाड आणि ताठ झालेले असतात.

पोटात जागा कमी पडल्यानं नुसतं दुमडलेलं पाऊल वेगळं. ते हातानं हलकं धरलं की सहज सरळ होतं, घोटा वरपर्यंत वळतो, टाचेमागे खोल सुरकुती नसते. असं पाऊल काही आठवड्यांत आपोआप सुधारतं. खरं क्लबफूट हातानं सरळ होत नाही. हा फरक बाळाचे किंवा हाडांचे डॉक्टर दोन मिनिटांत सांगू शकतात, त्यासाठी एक्स-रे लागत नाही. नवजात बाळाच्या पावलातली बरीच हाडं अजून कूर्चेचीच असतात आणि एक्स-रेत दिसतही नाहीत.

तपासणीच्या वेळी फक्त पाऊल दाखवून थांबू नका. बाळाची पाठ उघडी करून कमरेपाशी केसांचा पुंजका, खळगा किंवा गाठ आहे का ते बघितलं गेलं पाहिजे. दोन्ही खुबे तपासले गेले पाहिजेत. हातांची बोटं, कोपर, गुडघे नीट वळतात का हेही. बहुतेक बाळांना पावलाखेरीज कसलाही त्रास नसतो, पण मणक्याचा दोष किंवा अनेक सांधे जन्मतः आखडलेले असतील तर उपचार तोच असला तरी प्लॅस्टरं जास्त लागतात आणि दोष उलटण्याचा, म्हणजे पाऊल पुन्हा वाकडं होण्याचा, धोकाही जास्त असतो.

कारण काय, हा प्रश्न घरात पहिल्या दिवसापासून असतो आणि उत्तर बहुधा आईच्या माथी मारलं जातं. ग्रहणात विळीवर भाजी चिरली, पाय दुमडून बसली, जड उचललं. यातल्या एकाही गोष्टीनं पाऊल वाकडं होत नाही. अनुवंशिकतेचा काही वाटा असतो, बाकी बहुतेक बाळांत नेमकं कारण सापडत नाही. सोनोग्राफीत कधीकधी अठराव्या-विसाव्या आठवड्यात पाऊल वाकडं दिसतं. पोटात असताना त्यावर उपचार नसतो आणि त्याची गरजही नसते. बाकी तपासण्या व्यवस्थित असतील तर हे गर्भपाताचं कारण होऊ शकत नाही. त्या काळाचा एक उपयोग मात्र करता येतो, तो म्हणजे जन्माआधीच उपचार कुठे घ्यायचा ते ठरवून ठेवणं.

आता उशीर होण्याची आपल्याकडची दोन कारणं. पहिलं म्हणजे मालिश. मालिशवाल्या बाई किंवा आजी म्हणतात, तेल लावून रोज ओढलं की सरळ होईल. ओढल्यानं आखूड अस्थिबंध कायमचे लांब होत नाहीत, कारण सोडल्यावर ते परत जागेवर येतात. जोर जास्त लागला तर घोट्याऐवजी पावलाच्या मधूनच मोड येतो. मालिश बाळाच्या अंगाला जरूर करा, वाकडं पाऊल मात्र ओढू नका. दुसरं कारण सव्वा महिना. बाळंतीण बाहेर पडत नाही म्हणून पहिले चाळीस दिवस तसेच जातात. उपचार पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू झालेला सगळ्यात बरा, कारण तेव्हा ऊती सर्वांत मऊ असतात. आईला खरंच जमत नसेल तर बाबा आणि आजीनं बाळाला न्यावं, दूध काढून बरोबर घ्यावं. बाळ काचेच्या पेटीत असेल किंवा वजन फार कमी असेल तर काही आठवडे थांबल्यानं नुकसान होत नाही. उशीर झाला म्हणून हातपाय गाळायचंही कारण नाही. चालायला लागलेल्या मुलांचंही पाऊल याच पद्धतीनं बरंच सुधारतं, फक्त प्लॅस्टरं जास्त लागतात.

ही पद्धत म्हणजे पॉन्सेटी पद्धत. इग्नासिओ पॉन्सेटी मूळचे स्पेनच्या मेनोर्का बेटावरचे, जन्म ३ जून १९१४, म्हणून ३ जून हा जागतिक क्लबफूट दिन. स्पेनच्या यादवी युद्धात जखमींवर उपचार करून, फ्रान्स आणि मेक्सिकोमार्गे ते अमेरिकेतल्या आयोवाला पोहोचले. तिथे त्यांनी लहानपणी मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची पावलं तपासली तेव्हा ती ताठ, कमजोर आणि दुखरी निघाली. कापून उघडण्याऐवजी अस्थिबंधांना दर आठवड्याला थोडं थोडं ताणत नेलं तर ते लांबतात, हे त्यांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून करून दाखवलं. जगानं ते ऐकायला १९९०चं दशक उजाडलं. त्यांच्या रुग्णांची सरासरी चौतिसाव्या वर्षी तपासणी झाली, तो अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ७८ टक्के रुग्णांची पावलं उत्तम किंवा चांगली ठरली आणि तुलनेसाठी घेतलेल्या, जन्मतः दोष नसलेल्या लोकांत हे प्रमाण ८५ टक्के होतं. इतका थोडा फरक बघितला की मोठ्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या आईवडिलांनी दुसरं मत का घ्यावं ते कळतं.

प्लॅस्टर कसं घातलं जातं ते पालकांना माहीत असावं असं माझं ठाम मत आहे, कारण चूक होत असेल तर ती डोळ्यांना दिसते. बाळ शांत असलं पाहिजे, म्हणून भूक लागलेली असताना न्यावं आणि प्लॅस्टर चालू असताना पाजावं. दूध पिणारं बाळ पाय सैल सोडतं. डॉक्टर आधी घोट्याच्या बाहेरच्या उंचवट्याच्या जरा पुढे बोटानं टॅलस या घोट्यातल्या हाडाचं डोकं, म्हणजे पुढचं गोल टोक, शोधतात. अंगठा तिथे ठेवायचा आणि त्या टेकूवर सगळं पाऊल हळूहळू बाहेर वळवायचं, हे या पद्धतीचं मर्म. टाचेला हात लावायचा नाही. टाचेचं हाड त्या डोक्याखालून मोकळेपणानं सरकलं पाहिजे, ते धरून ठेवलं तर सुधारणा अडते.

पहिल्या प्लॅस्टरमध्ये पाऊल आधीपेक्षा जास्त वाकडं दिसेल. घाबरू नका. खोल कमान सपाट करण्यासाठी अंगठ्याच्या बाजूचा भाग वर उचलावा लागतो, त्यामुळे तळवा आणखीच वर वळल्यासारखा वाटतो. दुसऱ्या प्लॅस्टरपासून पाऊल बाहेर वळवायला सुरुवात होते. टाच खाली आणण्याचं काम सर्वांत शेवटी. आधीच घोटा वर ढकलला तर पाऊल मधून मोडून तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो आणि ते दुरुस्त करणं मूळ दोषापेक्षा कठीण असतं.

प्लॅस्टर दर पाच ते सात दिवसांनी बदलतात. साधारण चार ते सहा लागतात. ते बोटांपासून मांडीच्या वरपर्यंत असलं पाहिजे आणि गुडघा काटकोनात दुमडलेला असला पाहिजे. गुडघ्याखाली संपणारं प्लॅस्टर क्लबफूटसाठी चालत नाही. त्यात पाय आतल्या आत फिरतो आणि प्लॅस्टर मोज्यासारखं घसरतं. तुमच्या बाळाला असं छोटं प्लॅस्टर घातलं असेल तर विचारा, आणि समाधान झालं नाही तर दुसरीकडे दाखवा. आत कापूस पातळ असतो, जाड कापसात पाऊल पकडीत राहत नाही. बोटांखाली प्लॅस्टरचा आधार असतो, वरून बोटं उघडी असतात.

सुधारणा मोजायला पिरानी गुणांक वापरतात. सहा लक्षणं, प्रत्येकाला ०, अर्धा किंवा १ गुण, एकूण ६. तीन लक्षणं पावलाच्या मधल्या भागाची, तीन टाचेकडची. ६ म्हणजे सर्वांत वाकडं. दर आठवड्याला हा आकडा कागदावर लिहिलेला असतो. तो उतरत नसेल, दोन-तीन प्लॅस्टरांनंतर जागच्या जागी असेल, तर का उतरत नाही हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे बोटांचा समोरून फोटो काढा आणि बोटांपाशी त्वचा जिथे संपून प्लॅस्टर सुरू होतं तिथे पेनानं बारीक रेघ ओढा. दुसऱ्या दिवशी तीच बोटं बघा. बोटं आत गेल्यासारखी वाटली, कालच्यापेक्षा कमी दिसली, तर प्लॅस्टर घसरलं आहे. हे आठवडाभर तसंच ठेवलं तर पाऊल सुजतं आणि आखूड, गुबगुबीत होतं, तळव्याच्या मधोमध आडवी खोल घडी पडते, अंगठा वर उचलला जातो. अशा पावलाचा उपचार वेगळा करावा लागतो आणि तो जास्त कठीण असतो. घसरलेलं प्लॅस्टर त्याच दिवशी काढायला हवं. वेळेची वाट बघू नका.

बोटांचा रंग पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी तपासा. बोटाचं टोक दाबून सोडलं की पांढरं होऊन दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. बोटं निळी, काळपट, पांढरीफटक, थंड किंवा सुजलेली दिसली तर सकाळपर्यंत थांबू नका. मोठं प्लॅस्टर सुकायला २४ तास तरी लागतात, तोवर मऊ उशीवर पाय ठेवा आणि प्लॅस्टरला बोटांनी दाबू नका, दाबलेली जागा आत खड्डा करून त्वचेवर रुतते. शेक, धुरी, शेगडी यांच्यापासून बाळाचा पाय दूर ठेवा. प्लॅस्टर आतून तापतं आणि बाळाला सांगता येत नाही. आंघोळ बंद, अंग ओल्या फडक्यानं पुसा. डायपर प्लॅस्टरच्या काठावरून बाहेर येईल असा ठेवा, शी-शू आत गेली की त्वचा सडते. काठ टोचत असेल तर त्यावर मऊ चिकटपट्टी लावा. पावडर आणि तेल प्लॅस्टरच्या आत घालायचं नाही.

दोन गोष्टी दवाखान्यात कुणी सांगतंच असं नाही. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी मांडीत देतात आणि मांडी तर प्लॅस्टरमध्ये असते. लसीची तारीख प्लॅस्टर बदलायच्या दिवशीच जुळवा, जुनं काढल्यावर आणि नवं घालण्याआधी टोचणं सोपं पडतं. एकच पाऊल वाकडं असेल तर दुसऱ्या मांडीचा उपयोग होतो. आणि बाळाचं वजन प्लॅस्टर काढल्यावर घ्या, अंगणवाडीतल्या वजनकाट्यावर प्लॅस्टरसकट घेतलेलं वजन बाळाचं खरं वजन नसतं.

प्लॅस्टर दवाखान्यात, नवं घालण्याच्या थोडं आधी काढावं. आदल्या रात्री घरी भिजवून काढलं की रात्रभरात पाऊल परत वळायला लागतं. दवाखाना लांब असेल आणि डॉक्टरांनीच घरी काढायला सांगितलं असेल तर निघायच्या अगदी थोडं आधी, कोमट पाण्यात भिजवून, सुरुवातीचं टोक शोधून गुंडाळी सोडवत काढा. करवत वापरू नका.

पाऊल बाहेर ६० ते ७० अंश वळायला लागलं आणि टाच अजून वर ओढलेलीच आहे, अशी अवस्था येते तेव्हा टेनोटॉमी करतात. दहापैकी आठ-नऊ बाळांना ती लागते. टाचेमागची कंडरा, टाचेच्या हाडापासून साधारण १ ते १.५ सेंटीमीटर वर, बारीक ब्लेडनं आडवी कापली जाते. त्वचेवर काही मिलिमीटरचा छेद, टाके नाहीत. बहुतेक ठिकाणी जागा बधिर करून, बाह्यरुग्ण विभागात. काही डॉक्टर शस्त्रक्रियागृहात थोडी भूल देऊन करतात, तेव्हा किती तास उपाशी ठेवायचं ते नेमकं विचारून घ्या. कंडरा सुटली की घोटा तिथल्या तिथे १५-२० अंश वर वळतो. मग शेवटचं प्लॅस्टर, ३ आठवडे. तेवढ्या काळात कंडरा नव्या, जास्त लांबीनं जुळून येते. बाळ पुढे पळेल, उडी मारेल, पोटरीत ताकद राहील. प्लॅस्टरवर टाचेपाशी रक्ताचा लहान डाग येणं नेहमीचं. डाग पेनानं आखून ठेवा, वाढत असेल तर फोन करा. या छेदाला मोठं ऑपरेशन समजून नकार देणारे पालक असतात. तो न करता प्लॅस्टरांनीच टाच उतरवायचा हट्ट धरला तर वर सांगितलेला होडीसारखा तळवा होतो.

आता बूट. शेवटचं प्लॅस्टर निघाल्याच्या दिवशीच बूट घालायचे. त्यासाठी टेनोटॉमीच्या आठवड्यातच माप देऊन बूट तयार ठेवा. प्लॅस्टर निघालं आणि बूट पुढच्या सोमवारी येणार, असं झालं की त्या चार दिवसांत मिळवलेलं काही प्रमाणात जातं.

साधन असं असतं. पुढून उघडे दोन बूट, मध्ये दांडी. दांडीची लांबी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीइतकी, दोन टाचांमधलं अंतर मोजून. वाकड्या होत्या त्या पावलाचा बूट ७० अंश बाहेर वळवलेला, चांगल्या पावलाचा ३० ते ४० अंश. दोन्ही वाकडी असतील तर दोन्ही ७०. दांडी मधे किंचित वाकवलेली असते, म्हणजे घोटे वर उचललेल्या स्थितीत राहतात. आपल्याकडे बहुतेक सरकारी रुग्णालयांत चामड्याच्या बुटांची, टाचेपाशी भोक असलेली स्टीनबीक पद्धतीची साधी रचना मिळते. युगांडात स्थानिक कारागिरांना बनवता यावी म्हणून ती घडवली गेली. घोट्यापासचा प्लॅस्टिकचा साचा, ज्याला दांडी नसते, तो याची जागा घेऊ शकत नाही. पाऊल बाहेर वळलेलं ठेवायला दोन्ही बूट जोडलेले असावे लागतात.

वेळापत्रक पाठ करून घ्या. पहिले तीन महिने रोज २३ तास. त्यानंतर रात्रीचे १२ आणि दुपारच्या झोपेचे २ ते ४, असे १४ ते १६ तास. हे वय ४ होईपर्यंत, जमलं तर ५. वाढत्या वयात ज्या ताणानं पाऊल वाकलं होतं तो संपलेला नसतो, पहिली काही वर्षं तो चालूच राहतो आणि दांडीचे बूट त्याला आवरून धरतात. आयोवाच्या नोंदींमध्ये नियमित बूट घालणाऱ्यांत दोष उलटण्याचं प्रमाण सुमारे ६ टक्के होतं, न घालणाऱ्यांत ८० टक्क्यांहून जास्त. तज्ज्ञ डॉक्टर, चांगलं रुग्णालय, महागडे बूट, यांतल्या कशानंही हा फरक भरून निघत नाही.

घालायची रीत. सुती मोजा, शिवण बोटांवर येणार नाही असा. बाळाला पाठीवर झोपवा. ज्या पावलाचा दोष जास्त होता ते आधी. गुडघा दुमडा, म्हणजे पोटरी सैल पडते. पाऊल बुटात मागेपर्यंत सारा, घोट्याच्या पुढचा मधला पट्टा अंगठ्यानं दाबून आवळा, तो सगळ्यात महत्त्वाचा. मग टाचेच्या भोकातून बघा, टाच तळाला टेकलेली दिसली पाहिजे. बुटाच्या तळावर बोटांच्या टोकापाशी पेनानं रेघ ओढा. नंतर कधी बोटं त्या रेघेच्या मागे गेलेली दिसली तर टाच वर सरकली आहे. पाय हलकेच वर-खाली ओढून बघा, टाच उचलली जात असेल तर पट्टा परत आवळा. मग बाकीचे पट्टे किंवा नाडी. बोटं थंड-निळी नसतील, हलत असतील, तर पट्टा घट्ट झाला नाही.

इथे जवळपास प्रत्येक घरी होणारी चूक: टाचेमागे लाल डाग दिसला की पट्टा सैल करतात. डाग पडतो तो बूट सैल असल्यामुळे, पाऊल आत-बाहेर घासतं म्हणून. अशा वेळी पट्टा एक घर घट्ट करायचा. बूट काढल्यावर अर्ध्या तासात जाणारी लाली चालते. फोड आला, त्वचा फाटली, तर बूट काढून न ठेवता लगेच दाखवायचं. त्या जागी क्रीम किंवा तेल चोळलं की कातडी मऊ पडून आणखी सोलते.

२४ पैकी तो एक मोकळा तास मालिश आणि आंघोळीसाठी वापरा. मात्र तेल टाचेवर आणि घोट्यावर राहता कामा नये. साबणानं धुऊन, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडं करून मगच मोजा. तेलकट टाच बुटात टिकतच नाही. मराठवाड्या-विदर्भाच्या उन्हाळ्यात मोजा दिवसातून दोन-तीनदा बदला. झोळीत दांडी नीट मावत नाही, पाय एकमेकांकडे दाबले जातात, त्यामुळे सपाट गादी किंवा रुंद पाळणा बरा. कडेवर घेताना दांडी आपल्या कमरेपाशी आडवी बसते, त्याची सवय होते. दांडीला मऊ कापड गुंडाळा, नाहीतर बाळ स्वतःलाच आणि शेजारी झोपलेल्या आईला मारतं.

पहिल्या दोन-तीन रात्री बाळ रडेल. त्याला एक पाय एकटा हलवता येत नाही, म्हणून ते चिडतं. दांडी हातात धरून दोन्ही गुडघे एकदम दुमडा आणि सरळ करा, खेळासारखं, दिवसातून अनेकदा. दोन्ही पाय बरोबर मारायचे हे कळलं की रडणं थांबतं. रडतंय म्हणून बूट काढले तर बाळ शिकतं की रडलं की बूट निघतात, आणि हे ते फार लवकर शिकतं. ताप, दात येणं, पाहुणे, प्रवास, यांतलं एकही बूट काढायचं कारण नाही.

आपल्याकडे बूट सुटण्याची एक ठरलेली वेळ असते, ती म्हणजे माहेराहून सासरी जाण्याची. प्लॅस्टरं माहेरी झालेली असतात, बूट कसे घालायचे ते आईच्या आईला शिकवलेलं असतं आणि सासरी पहिल्यांदाच दांडी बघून सगळे हळहळतात. जाण्याआधी सासरच्या एका माणसाला, शक्यतो बाळाच्या वडिलांना किंवा आजीला, दवाखान्यात बोलावून बूट घालायला लावा. पिरानी गुणांकाचे कागद, टेनोटॉमीची तारीख, बुटाचं माप आणि दांडीची लांबी एका पिशवीत ठेवा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची अडचण आणखी मोठी आहे, दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला घर सुटतं ते उन्हाळ्यातच परत. निघायच्या आधी तपासणी करून पुढच्या मापाचा बूट बरोबर मागून घ्यावा आणि कारखाना ज्या जिल्ह्यात आहे तिथे क्लबफूटची ओपीडी कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी असते ते विचारून कागदावर लिहून घ्यावं.

खर्चाची काळजी असेल तर हे माहीत असू द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मतः असणाऱ्या दोषांच्या यादीत क्लबफूट आहे. कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरलाच झाली होती. आशाताई, अंगणवाडीत येणारं तपासणी पथक किंवा जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र यांच्यामार्फत पाठवलं तर उपचार मोफत मिळतो. बूटही त्यात मिळतात का आणि मोठं माप कधी मिळेल, हे पहिल्याच भेटीत विचारा, कारण चार वर्षांत अनेक जोड लागतात. बोटं बुटाच्या पुढच्या काठावरून खाली वळायला लागली की माप बदलायचं. दांडीही खांदे रुंद होतील तशी लांबवायची.

तपासण्या अशा: बूट सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी, त्यानंतर वय ३ होईपर्यंत दर चार महिन्यांनी, ४ होईपर्यंत दर सहा महिन्यांनी. या मुलांपैकी बरीच चालायला थोडी उशिरा लागतात, तेवढ्यावरून घाबरू नका.

दोष उलटतोय हे घरी कळतं. मूल चालायला लागलं की त्याला मागून आणि समोरून बघा. पाऊल बाहेरच्या कडेवर पडतंय, चालताना पुढचा भाग आत वळतोय, चप्पल करंगळीच्या बाजूनं झिजते. दोन वर्षांच्या पुढच्या मुलाची सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे उकिडवं बसवणं. दोन्ही टाचा जमिनीला टेकून बसता आलं तर कंडरा पुरेशी लांब आहे. टाच उचलली जात असेल तर ती परत आखडते आहे, आणि हे पहिलं चिन्ह असतं, वाकडेपण नंतर दिसतं. अशा वेळी दोन-तीन प्लॅस्टरं, गरज पडली तर पुन्हा टेनोटॉमी, आणि पुन्हा बूट. वय साधारण तीनच्या पुढे असेल आणि चालताना पाऊल सारखं आत वळत असेल तर नडगीच्या पुढच्या स्नायूची कंडरा पावलाच्या मध्यावरच्या हाडात, तिसऱ्या क्युनिफॉर्ममध्ये, बसवतात. ते हाड एक्स-रेत दिसायला लागेपर्यंत थांबावं लागतं. सांधे न उघडता होणारी ही शस्त्रक्रिया आहे, त्यामुळे पाऊल लवचिक राहतं.

आखूड, गुबगुबीत, तळव्यात आडवी घडी असलेल्या पावलाबद्दल वर लिहिलं. त्याला ७० अंशांपर्यंत वळवायचं नसतं, ३० ते ४० वर थांबायचं. मग दोन्ही अंगठ्यांनी तळव्याखालून बोटांमागची सगळी हाडं एकदम वर उचलायची आणि गुडघा ११० अंशांपर्यंत दुमडून प्लॅस्टर घालायचं, म्हणजे ते घसरत नाही. बूटही तेवढ्याच अंशांवर. तुमच्या बाळाचं पाऊल असं असेल आणि डॉक्टर नेहमीचंच वळवत असतील तर जास्त अनुभव असलेल्या बालअस्थिरोगतज्ज्ञाकडे लवकर जा.

काही गोष्टी उत्तम उपचारानंतरही राहतात आणि त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. पोटरी थोडी बारीक राहते. एकाच बाजूचा दोष असेल तर ते पाऊल दुसऱ्यापेक्षा जरा लहान असतं, चपलांचा एक जोड घेताना मोठ्या पावलाचं माप घेऊन लहान पावलाच्या बुटात जाड तळवा घालावा लागतो. यानं धावणं, कबड्डी, पोहणं, पोलीस भरतीची तयारी, काहीच अडत नाही. बूट बंद झाल्यावरही दर एक-दोन वर्षांनी, हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, पाऊल दाखवत राहा. त्या भेटीत डॉक्टरांनी तीनच गोष्टी बघायच्या असतात: टाच टेकून उकिडवं बसता येतं का, चालताना पाऊल सरळ पडतं का, आणि घोटा वर वळण्याचं माप मागच्या वेळेपेक्षा कमी झालंय का. ते माप अंशांत कागदावर लिहून मागा.